एका नावाखाली किती जीव आहेत, ते आधी मोजा: सियांग खोऱ्यातल्या मखमली किड्यासाठी खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, तज्ज्ञ मूल्यांकन समिती (नदीखोरे व जलविद्युत प्रकल्प), केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालय, नवी दिल्ली
मा. संचालक, भारतीय प्राणी सर्वेक्षण, कोलकाता

सविनय नमस्कार.

मी सावंतवाडी तालुक्यातल्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. आमच्या राज्य मंडळाच्या विज्ञान भाग दोनमधला पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. त्यात जोडणारे दुवे म्हणून पेरिपॅटस (म्हणजेच मखमली किडा), लंगफिश आणि डकबिल प्लॅटिपस ही नावं येतात. पेरिपॅटस म्हणजे वलयांकित प्राणी (गांडुळांसारखे) आणि संधिपाद प्राणी (कीटक-कोळ्यांसारखे) यांना जोडणारा दुवा, हे वाक्य महाराष्ट्रातली लाखो मुलं दरवर्षी पाठ करतात. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, ह्यो किडो आपल्याकडे गावता काय?" मी म्हटलं, नाही रे, तो दक्षिण अमेरिकेत, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात. पुढचा मुद्दा फळ्यावर लिहायला मी वळलेसुद्धा.

माझं उत्तर चुकीचं होतं, आणि तेच मी कितीतरी वर्गांना दिलं होतं. कोकणात हा किडा नाही, पण भारतात आहे. अरुणाचल प्रदेशातल्या सियांग नदीच्या खोऱ्यात आहे. मोठ्या धरणाच्या तयारीसाठी आज ज्या खोऱ्याची मोजमापं चालू आहेत, तेच हे खोरं. म्हणून हे पत्र.

वाचकांपैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर 'मखमली किडा' म्हटल्यावर मृगाच्या सरींनंतर अंगणात फिरणारा लालभडक मृगाचा किडा येईल. तो वेगळा; तो गोचीड-कोळ्यांच्या कुळातला, आठ पायांचा. मी ज्याच्याबद्दल लिहिते आहे त्याला शास्त्रात ओनिकोफोरा म्हणतात, म्हणजे नख्या धारण करणारा. मऊ, लांबट अंग, अंगभर बारीक उंचवटे, त्यामुळे मखमलीसारखी दिसणारी कातडी आणि दोन्ही बाजूंना आखूड, गुबगुबीत पायांच्या रांगा. प्रत्येक पायाच्या टोकाला नख्यांची जोडी. रात्री बाहेर पडतो आणि तोंडाजवळच्या दोन नळ्यांतून चिकट द्रावाच्या पिचकाऱ्या मारून भक्ष्याला जागच्या जागी चिकटवून टाकतो. लान्सडाउन गिल्डिंग यांनी १८२६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं, तेव्हा त्यांना तो गोगलगाईच्या जातकुळीतला वाटला होता. आमच्या पुस्तकातलं 'जोडणारा दुवा' हे वर्णनही आता जुनं झालं आहे. जनुकांच्या अभ्यासाने मखमली किडे संधिपाद प्राण्यांच्या शेजारी बसवले आणि गांडुळांचं घराणं बरंच लांब गेलं. इतका जुना, इतका वेगळा हा गट, आणि जगभरात त्याच्या वर्णन झालेल्या जाती दोनशेच्या थोड्या पुढे.

आपल्या देशातल्या जातीची कहाणी सांगायलाच हवी. मार्च १९११ मध्ये नोएल विल्यमसन हे ब्रिटिश अधिकारी सियांग खोऱ्यात मारले गेले. त्याचा सूड घ्यायला सरकारने खोऱ्यात फौज घातली. तिथल्या आदी जमातीच्या लोकांना बाहेरचे लोक तेव्हा 'अबोर' म्हणत, म्हणून तिचं नाव अबोर मोहीम. फौजेबरोबर कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे स्टॅन्ली केम्प होते. त्यांना ओलसर दगडांखाली हा किडा सापडला, आणि १९१३ मध्ये त्यांनी त्याला टायफ्लोपेरिपॅटस विल्यमसनाय हे नाव दिलं. टायफ्लो म्हणजे आंधळा, कारण त्याचे डोळे बाहेरून दिसत नाहीत. दुसरं नाव मारल्या गेलेल्या अधिकाऱ्याचं. ज्यांच्या डोंगरात, ज्यांच्या दगडाखाली तो राहतो त्या आदी लोकांचा मात्र त्या नावात मागमूस नाही. या गोष्टीने मला दर वेळी वाईट वाटतं.

संचालक महोदय, केम्प आपल्याच घरचे. त्याच म्युझियमच्या प्राणी विभागातून १९१६ मध्ये आपली संस्था उभी राहिली. त्यानंतर एका शतकाहून जास्त काळ या किड्याचा पत्ता नव्हता. अखेर बंगळुरूच्या एट्री संस्थेचे संशोधक केम्प यांच्या वाटेने पुन्हा सियांग खोऱ्यात गेले, आणि १११ वर्षांनी तो सापडल्याची बातमी आली. या वेळी त्याच्या डीएनएचा काही भागही वाचला गेला. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली. तो मुलगा तेव्हा दहावी पास होऊन गेला होता.

आता माझ्या तक्रारींकडे येते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही, की आपण 'एक जात' हे उत्तर न तपासता धरून चाललो आहोत. मखमली किड्यांच्या बाबतीत हे उत्तर जगात जिथे जिथे तपासलं गेलं, तिथे ते पुष्कळदा टिकलं नाही. कारण त्याच्या शरीरातच आहे. त्याच्या अंगावर श्वास घेण्याची असंख्य बारीक छिद्रं असतात आणि ती त्याला बंद करता येत नाहीत. कोरड्या हवेत त्याच्या अंगातलं पाणी झपाट्याने उडून जातं. त्यामुळे कुजलेलं लाकूड, पाचोळ्याचा ओला थर, दगडाखालची गार माती एवढंच त्याचं जग. उन्हाने तापलेली उघडी धार तो ओलांडू शकत नाही, रुंद नदी ओलांडणं तर दूरच. दोन दऱ्यांमधली रानं एकदा तुटली, की इकडचे इकडे आणि तिकडचे तिकडे. मग लाखो वर्षं दोन्हीकडे स्वतंत्र पिढ्या वाढत राहतात. अंधारात, पाचोळ्याखाली, एकाच प्रकारचं आयुष्य जगत असल्यामुळे बाहेरून त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आतल्या लिपीत.

दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉश विद्यापीठाचे सॅव्हेल डॅनियल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केपच्या डोंगरांतले पेरिपॅटॉप्सिस या प्रजातीचे किडे गोळा करून त्यांची जनुकं ताडून पाहिली. एका नावाने ओळखल्या जाणाऱ्या किड्यांमध्ये डोंगरागणिक वेगळी घराणी निघाली. २००९ चा तो अभ्यास, आणि त्यानंतर तिथे एकामागून एक नव्या जातींची वर्णनं होत गेली. न्यूझीलंडमध्ये स्टीव्हन ट्रेविक यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की पेरिपॅटॉइड्स नोवेझीलँडी या एकाच नावाखाली अनेक जाती दडल्या आहेत, आणि त्यांतल्या काही तर एकाच रानात शेजारी शेजारी राहतात, पण त्यांचा आपसात संकर होत नाही. ऑस्ट्रेलियात त्याच दशकात प्रथिनांच्या फरकांवरून अशीच तपासणी झाली आणि तिथल्या जातींची यादी कितीतरी पटींनी वाढली. म्हणजे तीन देशांत, तीन वेगळ्या चमूंनी, वेगवेगळ्या पद्धतींनी पाहिलं आणि डोळ्यांनी केलेली मोजणी अपुरी ठरली.

सियांग खोरं या सगळ्यांपेक्षा कमी तुटलेलं आहे का? पासीघाटच्या सपाटीपासून वर तिबेटच्या हद्दीपर्यंत खोल दरी, दोन्ही काठांना उतरणारे असंख्य ओढे, मधल्या उंच धारा, आणि मध्ये ती प्रचंड नदी. डावा काठ आणि उजवा काठ यांच्यावरचे किडे एकच आहेत का, हा प्रश्न कोणत्याही दहावीच्या मुलाला पडेल. आपल्या कागदांत तो पडलेला मला दिसला नाही.

दुसरी तक्रार पद्धतीची आहे, आणि इथे मला स्वतःचा अनुभव सांगावा लागेल.

१९९८ मध्ये, एम.एस्सी. झाल्यावर आणि बी.एड.ला जाण्याआधी, मी चार महिने एका सल्लागार कंपनीकडे रोजंदारीवर काम केलं. कोकणातल्या एका प्रकल्पासाठी पर्यावरण आघात अहवाल बनवायचा होता. कंपनीचं किंवा प्रकल्पाचं नाव घेणार नाही, कारण दोष एकाचा नव्हता, साऱ्या रीतीचा होता. जूनचे पहिले दिवस होते, पाऊस नुकताच लागला होता. सड्याच्या कडेला, काजूच्या बागेखाली मी एक जांभा दगड उलटला. खाली करंगळीएवढा जाड, ओला, करडा-जांभळा जीव वेटोळं घालून पडला होता. मी तो तळहातावर घेतला. गांडुळासारखी वळी होती, पण तोंड होतं, जबडा होता, आणि हातावर तो गांडुळासारखा लिबलिबत नव्हता, घट्ट पीळ देऊन बोटांच्या फटीत डोकं खुपसत होता. देवगांडूळ. बेडकांच्या घराण्यातला, पाठीचा कणा असलेला प्राणी. मी धावत जाऊन वरिष्ठांना दाखवला. त्यांनी तक्ता पाहिला. सस्तन, पक्षी, सरपटणारे, उभयचर, मासे, फुलपाखरं. उभयचरांच्या रकान्यात आधीच तीन बेडकांची नावं लिहून झाली होती. ते म्हणाले, "गांडूळ लिही आणि पुढे चल." अहवालात तो 'गांडुळे, सामान्य' म्हणून गेला. पाच वर्षांनी, २००३ मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोरले गावातून आणि आमच्या आंबोलीतून देवगांडुळांच्या नव्या जातींची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध झाली. मी हातात धरलेला जीव त्यांपैकी एक होता का, हे आता कधीच कळणार नाही. आम्ही तो दगड परत ठेवला, आणि त्या दगडावरून पुढे रस्ता गेला.

म्हणून माझं म्हणणं असं, की ज्या तक्त्यात रकाना नाही तो जीव प्रकल्पाच्या हिशेबात जन्मालाच येत नाही. दगडाखालच्या, पाचोळ्याखालच्या जीवांसाठी रकाना हवा. आणि असा रकाना भरायला दुर्बीण-कॅमेरा घेऊन केलेली चार दिवसांची फेरी पुरत नाही. मखमली किडा कोरड्या ऋतूत खोल जमिनीत जाऊन बसतो. त्याला शोधायला पावसाळ्यात, रात्री, हातात विजेरी घेऊन ओंडके उलटावे लागतात.

तिसरी तक्रार कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, परिशिष्टं नव्याने लिहिली गेली. मी ती शोधत शोधत वाचली. फुलपाखरं आहेत, भुंगेरे आहेत. ओनिकोफोरा मला कुठे आढळला नाही. देशातल्या एका संपूर्ण प्राणिसंघाचा एकमेव ज्ञात प्रतिनिधी, आणि त्याला कायद्याचं छप्पर नाही.

चौथी गोष्ट थोडक्यात. सियांग अप्पर प्रकल्प सुमारे ११,००० मेगावॅटचा म्हणून सांगितला जातो. वर तिबेटात चीनने डिसेंबर २०२४ मध्ये याच नदीवरच्या मेडोगच्या जलविद्युत महाप्रकल्पाला मंजुरी दिली, त्यामुळे हा प्रश्न देशाच्या सुरक्षेचाही आहे, हे मला समजतं. धरण व्हावं की नाही हे ठरवण्याचा पहिला हक्क त्या काठावर राहणाऱ्या आदी गावांचा आहे, सावंतवाडीत बसून मी त्यावर निकाल देणार नाही. पण मे २०२५ मध्ये सियांग खोऱ्यातल्या बेगिंग गावाच्या परिसरात सुरक्षा दलांच्या बंदोबस्तात पाहणीची तयारी झाली आणि गावकरी रस्त्यावर उतरले, हे वाचून मनात आलं की दगड किती कठीण आहे हे तपासायला आपण एवढी यंत्रणा लावतो, तर त्याच दगडाखाली कोण राहतं हे तपासायला दोन माणसं आणि अल्कोहोलच्या बाटल्या का लावता येऊ नयेत? हा किडा बुडीत क्षेत्रात येतो असा माझा दावा नाही. तो खोऱ्यात कुठून कुठपर्यंत पसरला आहे याचा नकाशाच कुणी केलेला नाही, मग 'येत नाही' असं तरी कोणत्या आधारावर म्हणणार?

कुणी म्हणेल, एका किड्यासाठी एवढा खटाटोप? मला आमच्या आंबोलीचं उदाहरण द्यायचं आहे. हिरण्यकेशीच्या देवळापाशी, नदीच्या उगमात, बोटभर लांबीचा एक मासा राहतो. गावातल्या माणसांनी तो पिढ्यान् पिढ्या पाहिला होता. २०२० मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळालं. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली ती जागा, अवघी २.११ हेक्टर, जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मी मुलांना तिथे नेते. देवळाजवळच्या पाण्यात वाकून मुलं तो मासा शोधतात, आणि सापडला की त्याला नावाने हाक मारतात. नाव मिळण्याआधी तो मासा तिथेच होता, पण त्याच्यासाठी एक इंचही जागा राखलेली नव्हती. दोडामार्गच्या बांबर्डे गावातल्या मायरिस्टिका (रानजायफळाच्या) दलदलीलाही असंच संरक्षण मिळालं. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन शहराच्या कॅव्हर्शम भागात हमरस्ता रुंद करताना तिथल्या मखमली किड्यांच्या रानाचा वेगळा विचार झाला. लहान जीवासाठी मोठं काम थोडं वळवता येतं, हे जगाने करून पाहिलं आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सियांग अप्परसह या खोऱ्यातल्या कोणत्याही मोठ्या प्रकल्पाच्या कार्यकक्षेत जमिनीवरच्या आणि पाचोळ्यातल्या अपृष्ठवंशीयांची, त्यातही ओनिकोफोराची, स्वतंत्र पाहणी बंधनकारक करावी. ती किमान दोन पावसाळ्यांची असावी, दोन्ही काठांवर, वेगवेगळ्या उंचीवर आणि वेगवेगळ्या ओढ्यांच्या खोऱ्यांत व्हावी.

मिळालेले नमुने फॉर्मलिनमध्ये घालू नयेत. आमच्या कॉलेजच्या संग्रहालयात 'पेरिपॅटस' अशी चिठ्ठी लावलेली एक पिवळट बरणी होती; किडा कुठला, कधीचा, काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि फॉर्मलिनमुळे त्याच्या डीएनएची इतकी मोडतोड झालेली असते की त्याला काही विचारताही येत नाही. तीव्र अल्कोहोल, जागेचे अचूक अक्षांश-रेखांश आणि तारीख, एवढी शिस्त हवी. नमुने मोजकेच घ्यावेत. ज्या जीवाची संख्याच माहीत नाही, त्याला गोळा करण्याच्या उत्साहात संपवू नये.

तपासणी एकाच जनुकावर थांबू नये. जात ओळखायच्या 'डीएनए बारकोड'साठी वापरला जाणारा मायटोकाँड्रियातला जनुक सोपा आणि स्वस्त आहे, पण तो फक्त आईकडून येतो, आणि जागचे न हलणाऱ्या जीवांमध्ये तो फरक फुगवूनही दाखवतो. त्याच्या जोडीला केंद्रकातले जनुक आणि कातडीच्या उंचवट्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची तुलना हवी. खरी वेगळी जात आणि नुसती वेगळी वस्ती यांतला भेद त्यानेच कळेल. कोलकात्याला आपल्याकडे हे काम करणारी माणसं आहेत, हैदराबाद आणि बंगळुरूला प्रयोगशाळा आहेत, एट्रीच्या संशोधकांनी वाट दाखवली आहे.

डीएनएची माहिती आणि पाहणीचा अहवाल जनसुनावणीआधी खुला करावा, त्याचा सारांश आदी भाषेतही असावा. पाहणीच्या चमूत गावातली माणसं मानधन घेऊन काम करणारी सहकारी म्हणून असावीत, हमाल म्हणून नाही. कोणत्या ओढ्याकाठी कोणता ओंडका कधी ओला असतो, हे त्यांनाच ठाऊक. आणि नवी जात निघालीच, तर तिच्या नावाचा निर्णय त्यांना विचारून व्हावा.

टायफ्लोपेरिपॅटसला आताच, आहे त्या माहितीवर, वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टात घ्यावं. जनुकीय तपासणीत स्वतंत्र घराणी आढळली तर पूर्ण वर्णन छापून येईपर्यंत थांबू नये. त्यांची रानं गावांच्या संमतीने कलम ३७ खाली वारसा स्थळं म्हणून राखावीत. हे सगळं हाती येईपर्यंत त्या खोऱ्यातल्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीचा निर्णय आपण घेऊ नये, ही माझी शेवटची आणि सगळ्यात निकडीची मागणी.

जूनमध्ये शाळा सुरू होईल आणि पहिल्याच आठवड्यात हा धडा येईल. या वेळी कुणी विचारायच्या आधीच मी नकाशावर सियांगवर बोट ठेवणार आहे. पत्राची एक प्रत आमच्या प्रयोगशाळेच्या सूचनाफलकावर लावली आहे, आणि शेजारी आपल्या उत्तरासाठी जागा मोकळी ठेवली आहे.

आपली विश्वासू,
दहावीची एक विज्ञान शिक्षिका
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग